रुक्माबाईंची साक्ष

एका वर्षी ऑगस्टमध्ये रीना मेश्राम आपल्या घरमालकिणीशी खोटं बोलली, आणि इतकं सहज बोलली की नंतर तिचं तिलाच नवल वाटलं.

कुडव्याला रुक्माबाई गजभियेंच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत रीना, तिचा नवरा रत्नपाल आणि मुलगी टिंकू सहा वर्षांपासून भाड्यानं राहत होते. पुढच्या खोलीत रुक्माबाई एकट्याच. त्यांचा नवरा एका राईस मिलमध्ये हमाली करता करता गेला, मुलगी बालाघाटकडे दिलेली. भाड्याचे तीन हजार, निराधार योजनेचे पैसे आणि उन्हाळ्यात लोकांचे पापड-कुरड्या करून जे मिळेल ते, एवढ्यावर बाईंचं भागत होतं.

त्या संध्याकाळी रीना कांदा चिरत होती. रुक्माबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. काही मागायचं असलं की त्या आत येत नसत.

"रीना, एक गोष्ट होती. पुढच्या महिन्यापासून पाचशे रुपये वाढवून देशील का? दातांचं करून राहिली मी. डॉक्टर म्हणते, वरची-खालची पुरी कवळी बसवा लागते. हप्त्याहप्त्यानं देतो म्हणून सांगितलं त्याले."

मागणी वाजवीच होती. त्या गल्लीत तशा दोन खोल्यांना साडेचार हजार भाडं चाललं होतं. पण त्याच उन्हाळ्यात रीनानं आणि रत्नपालनं ठरवलं होतं, आपलं घर घ्यायचं. बँक कर्ज देते, पण किमतीचा पाचवा हिस्सा आपला लागतो. तो जमवायला त्यांनी सुरुवात केली होती, आणि तेव्हापासून घरातून बाहेर जाणारा प्रत्येक रुपया रीनाला टोचायला लागला होता.

रीना एका खाजगी शाळेत फी घ्यायच्या खिडकीवर बसायची. महिनाभर थांबा, पंधरा दिवस थांबा म्हणणारे पालक तिनं नऊ वर्षं ऐकले होते. त्यात खरे कोण अन् खोटे कोण, हे तिला लगेच कळायचं. खोटे लोक भरपूर सांगायचे. सासऱ्याचं ऑपरेशन, गाडीचा अपघात, तारखा, दवाखान्याची नावं. ज्यांचं खरंच अडलेलं असायचं ते एक वाक्य बोलायचे आणि खाली पाहायचे.

रीना एक वाक्य बोलली.

"मावशी, यांचा पगार अर्धाच येऊन राहिला."

आणि ती खाली, कांद्याकडे पाहत राहिली. डोळ्यांत पाणी होतंच.

रुक्माबाई आत आल्या. "अगं बाई! मग सांगितलं काऊन नाही?"

"काय सांगू? मालक म्हणते, मिल अडचणीत आहे, बाकीचा पगार मागून देतो."

"जाऊ दे, जाऊ दे. विसर मी काय म्हटलं ते." रुक्माबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "दात काय, गेले तसे गेले. भातच तर खातो आपण, त्याले कायचे दात लागते?"

रत्नपालही एका राईस मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होता. त्याचा पगार एकदाही अडला नव्हता. उलट जुलैमध्ये बाराशे रुपये वाढले होते.

रात्री जेवताना रीनानं त्याला सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "बरं केलं. साल-दीड सालाचा तर प्रश्न आहे. घर झालं की तिले एकदम देऊन टाकू."

पण तेवढ्यावर ते भागलं नाही. रुक्माबाई विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी वालाच्या शेंगांची भाजी घेऊन आल्या. मग आठवड्यातून दोनदा-तीनदा वाटी यायला लागली. कधी कढी, कधी जवसाची चटणी, पौर्णिमेला खीर. रत्नपाल ड्युटीवरून आला की त्या ओसरीवरून म्हणायच्या, "मालकाचं पाहून घे बाबा, पण जीव छोटा करू नको." रत्नपाल मान हलवायचा आणि भराभर मागं यायचा. "बाई मले पाहून अशी बोलते, जसं घरात कोणी मेलंय," तो रीनावर चिडायचा.

खोटं जपावं लागत होतं. नवा कुकर घेतला तर रीनानं त्याचं खोकं शाळेतच टाकून दिलं. रविवारी रत्नपाल मच्छी आणायचा तेव्हा ती मागची खिडकी लावून घ्यायची आणि घामाघूम होऊन तळायची. एका रविवारी सहा वर्षांची टिंकू खेळून आली ती थेट ओसरीवर गेली, आणि कोणी काही विचारलं नसताना म्हणाली, "मावशी, आम्ही आज मच्छी नाही खाल्ली."

रुक्माबाईंना ते भलतंच लागलं. संध्याकाळी त्यांनी टिंकूसाठी दोन अंडी उकडून आणली.

रीनानं टिंकूला काही म्हटलं नाही. काय म्हणणार? सांगू नको, हे तिनंच शिकवलं होतं. पोरीनं फक्त जरा जास्त नीट ऐकलं होतं.

दुपारी सुट्टीच्या दिवशी भिंतीपलीकडून खलबत्त्याचा आवाज यायचा. रुक्माबाईंना फुटाणे फार आवडायचे, आणि आता ते चावता येत नसल्यानं त्या कुटून, चिमूट चिमूट खायच्या. रीना तो आवाज ऐकून रेडिओ लावायची.

विहारातही गोष्ट पोचली. दर रविवारी वंदनेला बाया जमायच्या, त्यात रुक्माबाई पुढं असायच्या. त्यांनी वाईट हेतूनं नव्हतं सांगितलं. पोरगी अडचणीत आहे, एवढंच. डिसेंबरात दुर्गेश्वरी नावाची एक बाई, जिचं स्वतःचं शिलाईचं दुकान होतं, टिंकूसाठी हातानं विणलेला लाल स्वेटर घेऊन आली. "घे, मनाले काही लावून घेऊ नको," ती म्हणाली. रीनानं घेतला. नको म्हणायला कारणच सापडलं नाही.

असं वर्ष गेलं.

पुढच्या सप्टेंबरपर्यंत त्यांचे तीन लाख वीस हजार जमले. कुडव्याच्या पलीकडे, जिथं घरं संपून धानाच्या बांध्या लागतात, तिथं एका बिल्डरनं ओळीनं बारा घरं काढली होती. वीस लाखाला एक. दोन खोल्या, स्वयंपाकघर, समोर गाडी ठेवायला जागा. दिवाळीनंतर भाव वाढणार असं तो सांगत होता, आणि बारातली सात गेली होती. रत्नपाल म्हणाला, "चार लाख पुरे व्हायची वाट पाहिली तर घर हातचं जाईल." म्हणून पैसे पुरे नसतानाच ते बँकेत गेले.

बँकेतले साहेब हिंदी-मराठी मिसळून बोलणारे, सावकाश, सभ्य होते. त्यांनी पगाराच्या पावत्या आणि पासबुक पाहिलं.

"सोलह लाख बैंक देगी, चार लाख आपका. अभी कितना है?"

"तीन-बीस," रत्नपाल म्हणाला. "बाकी दिवाली तक हो जाएगा साहब. बोनस है, इनकी भिशी है."

"तो फाइल डाल दीजिए. मंजुरी आते-आते टाइम लगता ही है. लेकिन रजिस्ट्री से पहले पूरा चार दिखना चाहिए."

फॉर्म रीनानंच भरला. लिहायची कामं तिचीच. नाव, पत्ता, नोकरी. मग एका रकान्यात घरमालकाचं नाव आणि फोन नंबर. तिथं तिचा पेन थांबला.

"साहेब, हे कायले लागते?"

"एक मॅडम येतील पत्ता तपासायला. शेजारी, घरमालक, कोणाला तरी विचारतात. फॉर्मॅलिटी है."

परत येताना गाडीवर मागं बसून तिनं ठरवलं की आजच मावशीला सांगायचं. सगळं नाही, पण कर्जाचं तरी. घरी आली तर रुक्माबाई विहारात गेलेल्या होत्या. पावसाळ्यातले तीन महिने चालणारा वर्षावास सुरू होता, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं आणि त्या एकही दिवस चुकवत नसत. दुसऱ्या दिवशी टिंकूला ताप होता. तिसऱ्या दिवशी रीनाच्या मनात आलं, कर्ज नामंजूर झालं तर उगाच सांगितल्यासारखं होईल. असे दिवस जात राहिले. खरं तर रोज सकाळी नळावर दोघी शेजारी उभ्या असायच्या.

एका गुरुवारी साडेचारला रीना शाळेतून आली तेव्हा रुक्माबाई ओसरीवर बसल्या होत्या. समोर सुपात तांदूळ होते, पण त्या निवडत नव्हत्या. हात मांडीवर होते.

"बँकेतली बाई आली होती," त्या म्हणाल्या.

रीनाच्या हातातली गाडीची किल्ली खाली पडली. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच थोडी जास्त राहिली.

"मावशी, मी तुम्हाले सांगणारच होती…"

"घर घेऊन राहिले म्हणे. वीस लाखाचं."

"अजून काही पक्कं नाही."

"चांगलं आहे. कवापर्यंत दुसऱ्याच्या घरात राहसाल?" रुक्माबाईंचा आवाज रागाचा नव्हता. हळू होता. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि हातानं खूण करून रीनाला जवळ बसवलं. "इकडं ये. ऐक. त्या बाईनं मले विचारलं, भाडं टायमावर देते का? म्हटलं, सात सालात एक दिवस इकडचा तिकडं नाही झाला. विचारलं, भांडणतंटा? म्हटलं, नाही. मग म्हणते, नवऱ्याची नोकरी कशी आहे? पगार पुरा येते का, नियमित येते का?"

त्या थांबल्या.

"मग?" रीनानं विचारलं.

"मग काय. मले माहीत आहे ना अर्धा येते ते. पण ते सांगितलं असतं तर तुमचं कर्ज गेलं असतं. बाई पेन घेऊन बसली होती." रुक्माबाईंनी सुपातले चार तांदूळ उचलले आणि परत टाकले. "म्हटलं, पुरा येते. महिन्याच्या महिन्याले येते. तिनं लिहिलं आणि म्हणाली, इथं सही करा. मी सही केली."



"सत्तर वर्षाची होईन आता," रुक्माबाई म्हणाल्या. "लग्नात, सौद्यात, कुठं एखादी गोष्ट बोलण्यात गेली असेल. पण असं कागदावर, सही करून खोटं मी कधी बोलली नव्हती. दुपारपासून नुसतं धकधक होऊन राहिलं. पण ठीक आहे. तुमचं घर होऊन राहिलं ना. बस, हप्त्याचा विचार कर बाई. अर्ध्या पगारात कसा भरसाल? अन् नाहीच जमलं, तर परत या. तुमच्या खोल्या मी दोन-तीन महिने कोणाले देत नाही, खाली ठेवतो."

तो क्षण होता. एक वाक्य बोलायचं होतं: मावशी, तुम्ही खरं तेच बोलल्या. रीनाच्या ओठांवर ते आलंही. पण त्या वाक्याच्या मागं दुसरं वाक्य उभं होतं, आणि त्यामागं वर्षभराच्या वाट्या, अंडी, स्वेटर. मंजुरी यायची होती. मावशी रागावून बँकेत फोन करतील, असंही एक घाणेरडं भय तिच्या मनात येऊन गेलं.

"चहा ठेवू का मावशी?" ती म्हणाली.

"नको. काही जात नाही आज."

त्या संध्याकाळी रुक्माबाई विहारात गेल्या नाहीत. गुडघा दुखते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या नाहीत. त्यांच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता; रोज सकाळी त्या तिथं मेणबत्ती लावून मोठ्यानं वंदना म्हणायच्या, इतक्या मोठ्यानं की टिंकूला ती ऐकून ऐकून पाठ झाली होती. आता मेणबत्ती लागायची, पण आवाज येत नसे.

आठ दिवसांनी रीनानं रत्नपालला सांगितलं, "मी त्याईले खरं सांगून टाकतो."

"काय सांगशील? मंजुरी येऊ दे आधी."

"त्या बिचाऱ्या समजून राहिल्या का त्याईनं पाप केलं. अन् त्या तर खरंच बोलल्या. पगार पुराच येते ना तुमचा!"

रत्नपाल बूट काढता काढता थांबला. त्यालाही हे वेगळं वाटलं असावं. पण तो म्हणाला, "मग होऊन गेलं ना? खरं बोलली ना ती? तिचं तर काही बिघडलं नाही. तू सांगितलं तर आपलं बिघडेल, अन् तिलेही त्रास. कोणाचं भलं होईल यात?"

 हिशेबात त्याचं चुकत नव्हतं.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी मंजुरी आली. साहेबांनी फोनवर अभिनंदन केलं. रत्नपाल पेढे घेऊन आला आणि पहिला पेढा रुक्माबाईंना दिला. त्यांनी तो हातात घेतला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पेढा टिंकूला दिला.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी विहार भरून गेलं होतं. पांढऱ्या साड्यांच्या रांगा, समोर फुलं, मेणबत्त्या. रुक्माबाई आल्या, पण नेहमीसारख्या पुढं न जाता मागं भिंतीला टेकून बसल्या. रीना त्यांच्या शेजारी बसली.

पंचशील सुरू झालं. सगळे एका सुरात एकेक शील म्हणत होते. पहिलं, दुसरं, तिसरं. रुक्माबाईंचा जाडसर, थोडा फुटका आवाज रीनाच्या कानाशी होता. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सगळं विहार ते म्हणालं, आणि रीनाच्या कानाशी काहीच आवाज आला नाही. तिनं मान वळवली. रुक्माबाईंचे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले, ओठ बंद. पाचव्याला त्या परत म्हणायला लागल्या.

रीनानं मात्र चौथंही म्हटलं होतं. वर्षभर दर रविवारी म्हटलं होतं, न अडखळता.

 खीरदानाची रांग लागली तेव्हा ती उठून बाहेर आली, चपला घातल्या, परत काढल्या, आणि फाटकाशी उभी राहिली. रुक्माबाई हळूहळू बाहेर आल्या. दोघी सोबत घराकडे निघाल्या. दुपारचे बारा वाजले होते, रस्त्यावर ऊन होतं, आणि बोलायला सोपं जावं असं आजूबाजूला काहीच नव्हतं.

"मावशी, तुम्ही बँकेच्या बाईले खोटं नाही सांगितलं."

"काय?"

"यांचा पगार पुरा येते. पहिल्यापासून पुराच येते. अर्धा कधीच नव्हता."

रुक्माबाई थांबल्या. आधी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून रीनाला रडू फुटलं, कारण तो आनंद होता. त्यांनी छातीवर हात ठेवला. "म्हणजे मी खोटी नाही बोलली?"

"नाही मावशी. खोटी मी बोलली. तुमच्याशी."

"म्हणजे ते कागदावर… सही केली ती…"

"ते सगळं खरं होतं."

रुक्माबाईंनी मोठा श्वास सोडला. चार पावलं चालल्या. मग बाकीचं त्यांच्यापर्यंत पोचत गेलं. त्यांची पावलं हळू झाली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर त्या बसल्या.

"मग तू मले अर्धा पगार काऊन म्हटलं?"

"तुम्ही पाचशे वाढवा म्हटलं होतं. आम्ही घरासाठी जमवून राहिलो होतो."

"पाचशेसाठी."

"हो."

"अगं, नाही देत म्हटलं असतं ना, तर मी काय तुले हाकलून दिली असती? नाही म्हणायचं होतं. भांडायचं होतं. मी बी भांडली असती, दोनशेवर आली असती." त्या बोलता बोलता आठवायला लागल्या, एकेक. "मी वालाच्या भाज्या देऊन राहिली. पोरीले अंडी. रत्नपालले धीर देऊन राहिली रोज. तुम्ही आत जाऊन हासत असाल."

"नाही मावशी. हासलो नाही."

"मले काय माहीत!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तीन हप्ते झाले मले झोप नाही. त्या दिवशीच तुले माहीत होतं ना मी खरं बोलली ते? मी तुले जवळ बसवून सांगितलं, अन् तू काय म्हणाली? चहा ठेवू का!"

 रीनानं पदरानं तोंड पुसलं. मग तिनं पर्समधून लिफाफा काढला. चौदा महिन्यांचे सात हजार तिनं आदल्या दिवशीच रत्नपालला न सांगता काढून आणले होते.

"हे तुमचे आहेत."

रुक्माबाईंनी लिफाफ्याकडे पाहिलं. रीनाला वाटलं त्या नाही म्हणतील, आणि मग ते आयुष्यभर आपल्या उरावर राहील. पण त्यांनी तो घेतला आणि कमरेला खोचला.

"हे माझेच आहेत," त्या म्हणाल्या. "पण याच्यानं पुरं नाही होत. विहारातल्या बायाईले मी सांगितलं होतं तुमचं. दुर्गेश्वरीनं स्वेटर विणला. आता त्याईले मी काय सांगू? मी सांगायले गेली तर मीच लबाड दिसन. ते तू सांग. सगळ्याईसमोर. मी नाही सांगत."

"सांगतो," रीना म्हणाली.

घरी रत्नपाल खूप चिडला. रजिस्ट्रीच्या तोंडावर सात हजार गेले, आणि वर रविवारी विहारात तमाशा. "तुले मोकळं वाटावं म्हणून मले गावात तोंड दाखवायले जागा नको ठेवू," तो म्हणाला. दोन दिवस बोलला नाही. यात त्याची बाजू अगदीच खोटी नव्हती, हे रीनाला कळत होतं. पण शब्द दिला होता.

रविवारी वंदना झाल्यावर ती उभी राहिली. वीस-बावीस बाया होत्या. तिनं सगळं नीट बोलायचं ठरवलं होतं, पण प्रत्यक्षात ती एवढंच म्हणू शकली की आमची अडचण नव्हती, मी रुक्माबाईंना खोटं सांगितलं होतं, त्यांनी तुम्हाला सांगितलं त्यात त्यांची काही चूक नाही. मागं कोणीतरी फिसकन हसलं. कोणी म्हणालं, "चांगला धंदा आहे."  शेवटी दुर्गेश्वरी सतरंजी गुंडाळत म्हणाली, "स्वेटर तर आता तिले आखूड झाला असन. उसवून दे, लोकर कामात येते." रीनानं तो त्याच आठवड्यात धुऊन, घडी करून तिला नेऊन दिला. दुर्गेश्वरीनं चहा विचारला नाही, पण वाईटही बोलली नाही.

रुक्माबाई त्या रविवारी पुढं बसल्या होत्या. रीना बोलत असताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून वाटी येणं बंद झालं. नळावर बोलणं होई, पाणी किती वाजता येईल, वीजबिल किती आलं, एवढंच. टिंकूशी त्या पहिल्यासारख्याच होत्या. दातांच्या डॉक्टरकडे त्या दुर्गेश्वरीला सोबत घेऊन गेल्या, रीनानं गाडीवर सोडून देऊ का विचारलं तर म्हणाल्या, "तुले ड्युटी असते." नोव्हेंबरात कवळी बसली. सुरुवातीला ती त्यांना टोचायची, त्या काढून पाण्यात ठेवायच्या. मग सवय झाली आणि त्यांचा चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला. रीनानं एकदा म्हटलं, "छान दिसते मावशी." त्या "हं" म्हणाल्या.

चार लाख दिवाळीला पुरे झाले नाहीत. बिल्डरनं कटकट केली, पण एक महिना थांबला. रीनानं भिशीचा नंबर दुसऱ्या बाईशी बदलून घेतला, रत्नपालनं सुट्टीच्या दिवशी बाहेरची वायरिंगची कामं घेतली, आणि डिसेंबरच्या मध्यात रजिस्ट्री झाली.  बाहेर आल्यावर, बऱ्याच दिवसांनी, तो तिच्याशी नीट बोलला. "झालं एकदाचं," तो म्हणाला, आणि मग, जरा थांबून, "मावशीले तू नाही, मी बोलवायले जातो."

तो गेला. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "जमलं तर येतो म्हणते."

जानेवारीत टेम्पो भरून सामान गेलं. जाताना रुक्माबाईंनी मीटरचं रीडिंग पाहिलं, खोल्यांच्या भिंतीतले खिळे मोजून दोन जागी सिमेंट भरून द्यायला सांगितलं, आणि रत्नपालनं ते भरून दिलं. नवे भाडेकरू फेब्रुवारीपासून येणार होते, साडेचार हजारानं.

नव्या घरी रविवारी सकाळी वंदना ठेवली होती. भंतेजी आले, शाळेतल्या दोन बाया आल्या, रत्नपालचे मिलमधले मित्र, सालेकशाहून त्याची बहीण. रीना दर थोड्या वेळानं दाराकडे पाहत होती आणि कोणी पाहू नये म्हणून काहीतरी उचलत होती. वंदना झाली, जेवणं सुरू झाली, पहिली पंगत उठली. तेव्हा फाटकाशी दुर्गेश्वरीची स्कूटी थांबली आणि मागून रुक्माबाई उतरल्या. पांढरी साडी, हातात मेणबत्त्यांचा पुडा.

टिंकू धावली आणि त्यांचा हात धरून त्यांना घर दाखवायला घेऊन गेली. ही खोली, हे बाथरूम, इथं माझं कपाट. रुक्माबाई प्रत्येक ठिकाणी थांबून पाहत होत्या. रीना मागं मागं होती. स्वयंपाकघरात त्यांनी नळ सोडून पाहिला, बंद केला. मागच्या अंगणात येऊन वाकून पाहिलं.

"नालीचा उतार उलटा आहे," त्या रत्नपालला म्हणाल्या. "पाणी भिंतीकडं येईल. पावसाच्या आधी करून घ्या."

"हो मावशी."

त्या जेवल्या. रीनानं वाढलं, त्यांनी दोनदा भात घेतला. जेवताना शेजारच्या बाईशी बोलल्या, दुर्गेश्वरीशी बोलल्या. मग हात धुऊन, पदर सावरून निघाल्या. रीना फाटकापर्यंत गेली.

"मावशी, मी तुमच्याजवळ…"

"बोलून झालं ते," रुक्माबाई म्हणाल्या. आवाज मऊ नव्हता, पण कडूही नव्हता. "कितीदा बोलशील?"

"येत जा मग. टिंकूसाठी तरी."

रुक्माबाई स्कूटीवर मागं बसल्या, एक हात दुर्गेश्वरीच्या खांद्यावर ठेवला. थोडा वेळ त्यांनी रीनाकडे पाहिलं, जणू फीच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाकडे रीना पाहायची तसं, खरं किती अन् खोटं किती ते ठरवत.

"पाहू," त्या म्हणाल्या.

स्कूटी गेली. आत दुसऱ्या पंगतीला वरण कमी पडलं होतं आणि नणंद तिला हाका मारत होती. रीना आत गेली.